एकच सिनेमा, दोन मतं: थिएटरातून बाहेर आल्यावर नवरा-बायकोने बोलायचं कसं

माझं माहेर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं, सासर साखळीचं. मी शाळेत मराठी शिकवते. आमच्या ह्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सिनेमाची ओढ दोघांनाही सारखीच, आवड मात्र एक नाही. शेजारी शेजारी बसून पाहिलेल्या सिनेमाबद्दल बाहेर आल्यावर त्यांचं एक आणि माझं भलतंच, असं बहुतेक वेळा होतं. माझ्या ओळखीत अशी पुष्कळ जोडपी आहेत. त्यातल्या काहींनी 'परत वाद नको' म्हणून एकत्र सिनेमाला जाणंच सोडलंय. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. घर, पोरं, हप्ते, दुखणीखुपणी सोडून नवरा-बायकोला बोलायला विषय किती उरतात? त्यातला एक चांगला विषय असा वाया घालवू नये.

ह्या वादांमागे मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पडदा एक असला तरी दोघांचं लक्ष वेगवेगळ्या ठिकाणी असतं, आणि मत तिथूनच तयार होतं. एकाचं लक्ष बापाकडे, दुसरीचं सुनेकडे. एकाला रस्ता ओळखीचा वाटतो, दुसरीला आवाज. म्हणून आधी आपलं लक्ष कुठे होतं ते एकमेकांना सांगायचं. चांगला की वाईट हा निकाल त्याच्यानंतर. पुढे जे लिहिते आहे ते सगळं ह्या एका सवयीसाठी.

तिकीट काढण्याआधी

वादाचं बी इथेच पेरलं जातं, त्यामुळे सुरुवात इथून करा. तिकीट काढताना एकमेकांना विचारा, 'तुम्ही कशासाठी चाललात?' उत्तर साधं असू द्या. नट आवडतो म्हणून, गाणी ऐकली म्हणून, दुकानात सगळे बोलतात म्हणून, की नुसतं घराबाहेर पडायचंय म्हणून. जो नुसता बाहेर पडायला आलाय, त्याच्याकडून पटकथेची चिकित्सा मागण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट लांबी. ही फार लोक बघत नाहीत. 'पुष्पा २' साधारण तीन तास वीस मिनिटांचा होता, 'अ‍ॅनिमल' तेवढाच, आणि २०२५च्या डिसेंबरात आलेला 'धुरंधर' तर साडेतीन तासांचा. आमच्यासारखी साखळी-डिचोलीकडची माणसं पणजीला किंवा पर्वरीला जाऊन रात्रीचा खेळ बघतात आणि मग जुन्या गोव्यावरून, माशेल, आमोणेच्या पुलावरून घरी परततात. दीड वाजता घरात पाय ठेवताना 'दुसरा भाग रटाळ होता' असं जे वाटतं, त्यात सिनेमाचा दोष किती आणि कंबरेचा किती, हे सांगता येत नाही. लांब सिनेमा दुपारचा पाहा. जेवून जा. जोडीदाराला पाठीचा त्रास असेल तर कडेची खुर्ची त्याला द्या. हे बारीक वाटेल, पण दमलेल्या माणसाचं मत कडक होतं आणि ते मत तो मग सोडत नाही.

सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्रही बघून घ्या, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. आता यूएमध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांत, ७+, १३+ आणि १६+ असे वेगळे गट असतात. शेजारी तेरा वर्षांची मुलगी बसली असेल तर आईचं अर्धं लक्ष पडद्यावर नसतंच. मग बाहेर आल्यावर नवरा 'काय तो सीन!' म्हणतो आणि बायको म्हणते, 'मी तेव्हा तिच्याकडे बघत होते.'

समीक्षा आधी वाचू नका. ट्रेलर बघायला हरकत नाही. पण कुणाचं तरी ठाम मत खिशात घालून थिएटरात गेलात की बाहेर येऊन तुम्ही त्या माणसाच्या बाजूने भांडता. जोडीदार बिचारा तिसऱ्याशीच बोलत राहतो.

मध्यंतरात मत विचारायचं नाही

हा आमच्या घरातला पक्का नियम. मध्यंतरात पॉपकॉर्न, बाथरूमची रांग, एसी किती थंड आहे, एवढंच बोलायचं. अर्ध्या सिनेमावर एकदा 'बोअर आहे' हे तोंडातून गेलं की उरलेला अर्धा भाग माणूस ते खरं करून दाखवण्यासाठी बघतो. सिनेमा चालू असताना कुजबुजणंही तसंच. ह्यांना 'हा आता मरणार' असं कानात सांगायची सवय होती. आता एका सिनेमात एकदाच, असं ठरलंय, आणि ते ती एक संधी नीट राखून वापरतात.

नाटकवाल्यांची रीत

आपल्याकडे मतभेद बोलण्याची एक जुनी, चांगली रीत आहे. ती सिनेमालाही लागू पडते, तरी आपण ती वापरत नाही. गोव्यात देवळाच्या उत्सवात, जत्रेत गावची मंडळी नाटक करतात. रात्रभर नाटक चालतं, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात त्याच्यावर बोलणं होतं. त्या बोलण्यातली वाक्यं ऐका. 'नाटक पडलं, पण त्याचं काम उभं राहिलं.' 'पदं छान झाली, दुसरा अंक लांबला.' 'संहिताच कच्ची, नट तरी काय करणार?' म्हणजे काम वेगळं, संहिता वेगळी, संगीत वेगळं, आणि नाटक म्हणजे सगळं मिळून जे झालं ते, तेही वेगळं. ज्याने काम केलंय तो बहुतेक वेळा तिथेच चहा पीत बसलेला असतो, त्यामुळे जीभ आपोआप जपून चालते. तरी मत कुणी लपवत नाही.

घरी हेच करा. 'सिनेमा फालतू होता' हे एक वाक्य मोडून त्याचे तुकडे करा. काम कुणाचं आवडलं नाही? गोष्ट कुठे ढिली पडली? संगीत कानावर आलं का? आणि शेवटचा, सगळ्यात नाजूक तुकडा: सिनेमा जे सांगू बघतो ते पटलं का? बहुतेक वेळा असं दिसेल की चारातल्या दोन-तीन गोष्टींवर तुम्ही एकमेकांच्या जवळच आहात, आणि भांडण एकाच तुकड्यावर अडलंय. 'बाईपण भारी देवा' पाहून आलो तेव्हा हे म्हणाले, 'सगळ्या जोरजोरात बोलत होत्या, नाटकासारखं वाटलं.' मी चिडले होते. सहा बहिणी, मंगळागौर, थिएटर बायकांनी भरलेलं, आणि ह्यांना फक्त आवाज ऐकू आला! पण तुकडे केले तेव्हा कळलं, की बहिणींमधला अबोला त्यांना नीट भिडला होता. त्यांच्या दोन आत्यांचं तसंच होतं. नावडला होता तो बोलण्याचा चढा सूर. तेवढं मलाही मान्य होतं.

बाहेर आल्यावरचा पहिला अर्धा तास

पार्किंगमध्ये बोलू नका. गर्दी असते, हॉर्न वाजत असतात, तिकिटाची पावती सापडत नसते. गाडी काढा, थोडं पुढे जा, खायला थांबा. आमचा ठराव रोस ऑम्लेटच्या गाड्याचा आहे. ऑम्लेटवर गरम रोस म्हणजे रस्सा, वर चिरलेला कांदा, हातात पाव. तोंडात घास असला की माणूस दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी भजी-चहा घ्यावा.

तिथे पहिला प्रश्न हा: 'कुठला सीन अजून डोळ्यांसमोर आहे?' 'कसा वाटला' असं विचारू नका, त्याला उत्तर म्हणून मार्कच मिळतात. सीन विचारला की माणूस सांगायला लागतो. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मधे 'पण' घालायचं नाही. मग पाळी बदलायची. दोघांचे सीन वेगळे निघाले तर फारच छान, कारण मत कुठून येतंय ते तिथेच दिसतं.

ह्या एका प्रश्नाने आमच्यात काय झालं ते जरा सविस्तर सांगते.

२०२५च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला. सुबोध खानोलकरांचा सिनेमा, दिलीप प्रभावळकर म्हाताऱ्या दशावतारी नटाच्या भूमिकेत. कोकणातला गाव आणि त्याच्या डोंगरावर आलेली खाण. आम्हा दोघांसाठी हा सिनेमा आपला होता, पण वेगवेगळ्या कारणांनी. पेडण्यात आमच्या गावच्या देवळात धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, व्हायचा. सिंधुदुर्गातून कंपन्या यायच्या, आजगावकर, मोचेमाडकर, अशी नावं आम्हा पोरांना पाठ असत. आधी आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग: गणपती, मोरावरची सरस्वती, संकासुर, मग मध्यरात्रीनंतर आख्यान. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच पलंग. पेटी, मृदंग, झांज. मी नटांना देवळाच्या मागच्या बाजूला आरशाच्या तुकड्यात बघून स्वतःचं तोंड रंगवताना पाहिलंय. तो पिवळसर पांढरा लेप, मग लाल, मग काजळ, आणि त्या चेहऱ्यातून हळूहळू नाहीसा होणारा ओळखीचा माणूस. प्रभावळकरांना रंगाखाली बघताना माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. बाहेर आल्यावर माझं मत तयार होतं: असा सिनेमा मराठीत फार दिवसांनी आला.

हे गप्प होते. गाड्यावर पोचेपर्यंत गप्प. मग म्हणाले, 'अगो, काम मोठं आहे. पण खाण म्हटली की एवढं सरळ नसतं.'

पूर्वीची मी असते तर इथेच उसळले असते. डिचोली आणि सत्तरीत विहिरी कशा आटल्या, पावसात शेतात लाल गाळ कसा उतरला, रस्त्याकडेच्या झाडांची पानं हिरवी दिसायची थांबली, हे मला सगळं माहीत आहे, आणि ते मला मनापासून टोचतं. पण नियम तो नियम. मी विचारलं, 'तुमच्या डोळ्यांसमोर काय आहे?'

तेव्हा ते बोलले. दुकानाआधी त्यांचा टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, होता. खाणीवर लावलेला, कर्जावर घेतलेला. २०१२च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि टिपर घराच्या बाजूला उभा राहिला. हे मला ठाऊक होतंच, तेव्हा मी ह्याच घरात होते. कर्जाचा आकडाही ठाऊक होता. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की हे रोज सकाळी मी शाळेला निघाल्यावर खाली जाऊन इंजिन चालू करायचे. बॅटरी उतरू नये म्हणून. पाच-दहा मिनिटं बसायचे आणि बंद करून वर यायचे. 'डिझेल जाळायला पैसे नव्हते,' म्हणाले, 'पण बंद ठेवला तर तो मेला असं वाटायचं.' पडद्यावर खाणवाल्यांचे ट्रक दिसल्यावर त्यांना आपला टिपर दिसत होता, आणि तो कुणाच्या बाजूला उभा होता ह्याचं उत्तर त्यांना त्या सिनेमात सापडत नव्हतं.

मग आम्ही बोललो. २०१८च्या मार्चमध्ये परत खाणी बंद झाल्या त्याच्याबद्दल, तोवर टिपर विकला होता ते बरं झालं ह्याबद्दल, विहिरींबद्दल. माझं मत बदललं नाही. सिनेमा मला आजही तेवढाच मोठा वाटतो, आणि डोंगर वाचायला हवेत हेही. त्यांचंही बदललं नाही. पण 'तुम्हाला निसर्गाचं काही पडलेलं नाही' हे वाक्य मी त्या रात्री बोलले असते, तर टिपरची गोष्ट मला कधी कळली नसती. पहिला प्रश्न सीनचा असावा, असं मी एवढ्या आग्रहाने म्हणते ते ह्यासाठी.

जे पटतच नाही ते कसं बोलायचं

काही सिनेमांत मतभेद आवडीपुरता राहत नाही. 'अ‍ॅनिमल' हे त्याचं अलीकडचं ठळक उदाहरण. ह्यांना त्यातला बाप-लेक धरून बसला. शेवटाकडे अनिल कपूर आणि रणबीर कपूर भूमिका बदलून बोलतात, बाप मुलगा होतो आणि मुलगा बाप, तो प्रसंग. ह्यांचं आणि माझ्या सासऱ्यांचं बोलणं शेवटपर्यंत तुटकच राहिलं होतं, तेव्हा तो प्रसंग त्यांना का लागला हे मला सांगावं लागलं नाही. माझ्या मनात मात्र बूट चाटायला सांगणारा प्रसंग अडकला होता, आणि त्या वेळी थिएटरात मागून आलेल्या शिट्ट्या.

इथे वाक्यरचना फार महत्त्वाची असते. 'तुम्हाला हे आवडूच कसं शकतं?' असं विचारलं की समोरचा माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो, आणि बचाव करता करता जे त्याला मुळात आवडलं नव्हतं त्याचीही बाजू घेऊन बसतो. त्याऐवजी 'तो प्रसंग तुम्हाला खटकला का?' असं विचारा. हा खरा प्रश्न आहे, ह्याला हो किंवा नाही दोन्ही उत्तरं असू शकतात. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, 'खटकला. पण मी बापाची वाट बघत होतो, म्हणून पुढे सरकलो.' ह्या उत्तराने माझं समाधान झालं नाही. मी तसं सांगितलं. पुढे सरकता येणं ही पुरुषाची सोय आहे, बाईला तिथून पुढे सरकता येत नाही, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तो विषय आम्ही नंतर सिनेमा बाजूला ठेवून, घरी, दिवसाउजेडी परत काढला, आणि ते मला फार गरजेचं वाटतं. मूल्यांचा वाद सिनेमाच्या आडून लढू नये. दिग्दर्शकाचं नाव घेत घेत आपण भलत्याच जखमांवर बोट ठेवत राहतो.

एकच सावधगिरी. एखादा सिनेमा आवडला म्हणजे माणूस तसाच आहे, हा निष्कर्ष काढायची घाई करू नका. आणि जोडीदाराला खरंच त्रास झाला असेल तर 'अगो, सिनेमाच तर आहे' असं म्हणून तो त्रास उडवूनही लावू नका. ह्या दुसऱ्या वाक्याने मी बायका जेवढ्या दुखावलेल्या पाहिल्यात तेवढ्या सिनेमाने नाहीत.

इतिहास निघाला की

२०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' आला, गोवा सरकारने तो करमुक्त केला, आणि थिएटरांत जयजयकार चालू झाला. आम्हीही गेलो. ह्यांच्या आईचं माहेर फोंड्याचं, त्यामुळे संभाजी महाराज म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात आधी १६८३ येतं. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद दि आल्व्होरने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, महाराज स्वतः धावून आले, पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली, आणि त्याच नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेट घेतलं. आमच्या घरच्या वाटेपासून जुवे फार लांब नाही. सिनेमा सुटल्यावर हे तेच बोलत होते, आवाज चढलेला, डोळे भरलेले. माझं म्हणणं वेगळं होतं: येसूबाईंना फार कमी जागा मिळाली, आणि शेवटचा छळ इतका लांबवला की मला महाराजांपेक्षा जखमाच लक्षात राहिल्या.

अशा वेळी दोन गोष्टी पाळा. पहिली, श्रद्धेच्या विषयावर जोडीदाराचा ऊर भरून आला असेल तर त्या रात्री चिकित्सा करू नका. दोन दिवस जाऊ द्या. सिनेमा कुठे पळत नाही. दुसरी, इतिहासाचा मुद्दा निघाला की तो तोंडी लढवू नका, पुस्तक काढा. घरात नसेल तर पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. आम्ही तेच केलं. गोव्यावरची मोहीम अर्ध्यात का सुटली, तर मोगलांची मोठी फौज कोकणात उतरत होती म्हणून, हे वाचताना दोघांनाही नवं काहीतरी हाती लागलं, आणि 'सिनेमाने बरोबर दाखवलं की चूक' हा वाद मागे पडला. येसूबाईंबद्दल मी दोन दिवसांनी बोलले. तोवर तेच म्हणाले, 'त्या बाईवर वेगळा सिनेमा हवा.'

खोड काढणारा जोडीदार

गोव्यात घडणारा सिनेमा गोंयकाराबरोबर पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे. 'दृश्यम' आणि २०२२चा 'दृश्यम २' पाहताना हे सतत हिशेब करत होते. साळगावकर आडनाव ठीक, पण हे गाव कुठलं? इथून पणजीला बस अशी कुठून जाईल? ही चौकी कुठली? मला वाटलं ह्यांना सिनेमा आवडलेला नाही. पुढचे कित्येक दिवस मात्र दुकानात येईल त्याला दोन ऑक्टोबर, सत्संग आणि पावभाजीची गोष्ट रंगवून सांगत होते! म्हणून सांगते, आपल्या माणसाचा खोड काढण्याचा सूर ओळखायला शिका. काही माणसं आवडलेल्या गोष्टीतच खोड्या काढतात. जी आवडली नाही तिच्याबद्दल बोलतही नाहीत. माझ्या घरी 'ठीक आहे' हा खरा नापास शेरा आहे.

मुलांचं मत तिसरं असतं, आणि त्याबद्दल एकच: दोघांनी मिळून मुलांवर तुटून पडू नका. 'सैयारा' आमच्या मुलीला फार लागला. आम्हा दोघांना तो जुन्याच वाटेचा वाटला. आमचं एकमत झाल्याच्या आनंदात आम्ही तिला बोलूच देत नव्हतो. सीनचा प्रश्न तिलाही विचारायचा असतो.

काही सिनेमे वेगवेगळे पाहा

सगळं एकत्र पाहिलंच पाहिजे असं नाही. बायकांचा सिनेमा बहिणींबरोबर, मैत्रिणींबरोबर पाहण्यात जी मजा आहे ती नवऱ्याला शेजारी बसवून येत नाही. मारामारीचा सिनेमा ह्यांनी त्यांच्या दुकानाच्या मंडळींबरोबर बघावा, शिट्ट्या माराव्यात, घरी येऊन मला फक्त गोष्ट सांगावी. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला कधी कधी मूळ सिनेमापेक्षा जास्त आवडते.

निवड पाळीपाळीने करा, आणि त्याला एक जोड द्या: ज्याने सिनेमा निवडला त्याच्यावर तो चांगला निघण्याची जबाबदारी नाही. 'तुम्हीच आणलंत ना इथे!' हे वाक्य बंद. ह्याचा सराव करायला इफ्फीसारखी, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासारखी, जागा नाही. २००४पासून नोव्हेंबरात जगभरचे सिनेमे आपल्या दारात येतात, आणि गोव्यात राहून आपली कित्येक माणसं तिकडे फिरकत नाहीत ह्याची मला खंत आहे. प्रतिनिधी म्हणून नोंदणी करा. एक सिनेमा तुमचा, एक त्यांचा. देश अनोळखी, नट अनोळखी, भाषा कळत नाही, कुणाचा कुणी चाहता नाही. अशा ठिकाणी 'मला कळला नाही' हे दोघांनाही न लाजता म्हणता येतं. हे एकदा जिभेला जमलं की मोठ्या गाजलेल्या सिनेमाबद्दलही म्हणता येतं.

थांबायचं कधी

'तुम्ही नेहमीच' किंवा 'तुझं कायमचंच' हे शब्द आले की थांबा. पात्रांच्या नावांऐवजी नातेवाइकांची नावं यायला लागली की लगेच उठा, पाणी प्या, गाडी काढा. कमाईचे आकडे मधे आणू नका. आठशे कोटी मिळवणारा सिनेमाही एखाद्याला आवडू नये, ह्यात त्याचा काही दोष नाही. आयएमडीबीचे मार्क दाखवून कुणाचं मन वळल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि जोडीदाराचं मत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून पंचायत बोलावू नका. नणंदा, भावजया, मामेभाऊ सगळे निकाल द्यायला बसतात, आणि ज्याच्या विरुद्ध निकाल लागतो तो माणूस पुढच्या वेळी मत सांगतच नाही. ते नुकसान भरून काढायला फार वेळ लागतो.

पुन्हा पाहणं

ओटीटीमुळे एक चांगली सोय झालीय. दोन-तीन महिन्यांनी सिनेमा घरी येतो, तेव्हा सगळा न बघता फक्त वादाचा प्रसंग लावा. थिएटरात आजूबाजूच्या माणसांच्या शिट्ट्या, हुंदके, हसणं आपल्या मतात मिसळतं. घरी ते नसतं. आधी एकदा सरळ बघा. मग ज्याला तो आवडला त्याने थांबवत थांबवत दाखवायचं: हे बघ, इथे तो काही न बोलता मागे वळतो. मग दुसऱ्याने. ह्यात अभिनयाचे वाद बरेचसे मिटतात, कारण एखादी नजर, एखादा थांबा पहिल्यांदा सुटलेला असतो. गोष्टीचे वाद कमी मिटतात. मूल्यांचे मिटत नाहीत, पण निदान दोघं एकाच चौकटीकडे बोट दाखवून बोलता.

आमच्यात सध्या 'धुरंधर' अर्धवट पडलाय. ह्यांच्या मते अक्षय खन्नाचा तो नाचत येण्याचा प्रसंग म्हणजे कामाची कमाल आहे. तेवढं मीही मानते. माझा आक्षेप कॅमेऱ्याला आहे. एका खुनशी माणसावर तो इतका भाळतो की बघणाराही भाळतो, आणि शाळेत माझ्या वर्गातली पोरं त्याच माणसासारखी हात पसरून नाचत येतात. ह्यांना हे पटत नाही. 'नट चांगला म्हणून नाचतात गो, गुंड चांगला म्हणून नव्हे,' असं ते म्हणतात. तेव्हा ठरलंय असं, की येत्या रविवारी जेवणं आटपली की तेवढा प्रसंग एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून लावायचा. गाण्याशिवायही मी भाळले तर श्रेय नटाचं, नाही तर माझा मुद्दा उरतो. मुलीलाही बसवणार आहोत, आणि ह्या वेळी पहिली पाळी तिची.